एक फूट म्हणजे एक इंच
उतारवयातील प्रतिकृती-छंद : हातांना काम, स्मरणाला आधार

सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या जुन्या वस्तीत सत्तरी ओलांडलेली जी पिढी आज घरात बसून आहे, तिचे हात बसून खाण्यासाठी घडलेले नाहीत. कुणी हातमागावर धोटा फेकला, कुणी गिरणीत तुटलेला धागा क्षणात सांधला, कुणी विड्या वळल्या, कुणी रेल्वेच्या कारखान्यात पाना फिरवला. सोलापुरातील पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. ‘जुनी गिरणी’ या नावानेच ती गावाच्या तोंडी राहिली. पुढे एकेक गिरणी थंडावली, भोंगे थांबले आणि माणसेही निवृत्त झाली. पगार थांबला त्याचे दुःख मोजता येते. हातांचे काम थांबले त्याचे दुःख मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही. ‘बाबा हल्ली फारसे बोलत नाहीत’, ‘आई दिवसभर नुसती बसून असते’, असे मुले-सुना सांगतात. त्या गप्प बसण्यामागे पुष्कळदा या रिकाम्या हातांचा वाटा असतो.

अशा हातांसाठी एक छंद सुचवावासा वाटतो. तो म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृती बनविण्याचा. एखादी वास्तू, यंत्र, वाहन किंवा घरगुती वस्तू ठरावीक प्रमाणात लहान करून, तिचे सर्व भाग जागच्या जागी ठेवून हाताने उभी करावयाची, एवढाच त्याचा अर्थ. हा छंद परदेशी, खर्चिक आणि तरुणांचा आहे, असा समज आहे. तो कितपत खरा आहे, हा छंद कसा सुरू करावा, त्यास खर्च किती येतो आणि वयोमानानुसार कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

आपल्याकडे हा छंद जुनाच आहे

तयार सुट्या भागांचे प्लास्टिकचे संच विकत आणून जोडण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. इंग्लंडमधील ‘एअरफिक्स’ या कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती काढली आणि १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच अवघ्या दोन शिलिंगांत बाजारात आणला. पुढे जपानमधील ‘तामिया’सारख्या कंपन्यांनी हे तंत्र अधिक अचूक केले.

परंतु मूळ वृत्ती आपल्या घरात त्याआधीपासून होती. दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला करणारी मुले दुसरे काय करतात? तट, बुरूज, पायऱ्या, माचीवरचे मावळे हे सगळे लहान करून मांडणे म्हणजे प्रतिकृतीच. भातुकलीचा संसार तर याहून नेमका. पाटा-वरवंटा, जाते, उखळ-मुसळ, बंब, घंगाळे या प्रत्येक वस्तूचे बोटभर रूप त्यात असते आणि त्यातले जाते खरोखर फिरतेही. ज्या आजीने लहानपणी भातुकली मांडली, तिला ‘स्केल मॉडेल’ या शब्दाचे भय वाटण्याचे कारण नाही.

मोठ्या माणसांनी हा छंद किती गांभीर्याने जोपासावा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, पूल, दिव्यांचे खांब यांसह एक लहानसे शहरच तिथे चालताना दिसते. सोलापूरहून पुण्यास मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी नातवंडांसह एकदा अवश्य पाहावे असे ते ठिकाण आहे.

प्रमाण म्हणजे काय?

या छंदाचा पाया म्हणजे प्रमाण. संचाच्या खोक्यावर १:७२, १:३५, १:२४ असे आकडे छापलेले असतात. १:७२ म्हणजे मूळ वस्तूचे ७२ इंच प्रतिकृतीत एक इंच होतात. ७२ इंच म्हणजे सहा फूट. म्हणून सहा फुटांचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंच उंचीचा होतो. विमानांसाठी १:७२ आणि १:४८, रणगाड्यांसाठी १:३५, मोटारींसाठी १:२४, मोठ्या युद्धनौकांसाठी १:७०० आणि रेल्वेसाठी १:८७ ही प्रमाणे रूढ आहेत. भागाकारातला दुसरा आकडा जितका लहान, तितकी प्रतिकृती मोठी. वृद्धांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १:७२च्या विमानातील वैमानिकाचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. तो रंगविण्याचा हट्ट मोतीबिंदूच्या डोळ्यांनी धरू नये.

ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीचे प्रमाण म्हणजे १:१२. यात एक फूट म्हणजे एक इंच, इतका सरळ हिशेब असतो. ज्या पिढीने आयुष्यभर फूट-इंचात मोजले, तिला कॅल्क्युलेटर लागत नाही. साडेसहा फुटांचे दार साडेसहा इंचांचे होते. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब सोलापुरी चादर पाच इंच बाय साडेसात इंचांची होते. म्हणजे हातरुमालापेक्षा लहान, तरीही बोटांत नीट धरता येईल एवढी.

सोलापुरासाठी तीन प्रतिकृती

विदेशी विमानाचा संच आणण्यापूर्वी आपल्याच परिसरातील वस्तू निवडावी. ती डोळ्यांसमोर असते किंवा निदान स्मरणात असते. काम करता करता बोलण्यासारखेही पुष्कळ निघते.

*पहिली, भुईकोट किल्ला.* सोलापूरचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. त्यामुळे मातीचा डोंगर रचण्याचे श्रम वाचतात. दुहेरी तटबंदी आणि बुरूज एवढे पुठ्ठ्यातून साकारले की किल्ला ओळखू येतो. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या तटासाठी घ्याव्यात, बुरुजांसाठी कागदी नळ्यांचे तुकडे घ्यावेत. त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा किंवा बारीक चाळलेली माती लावावी. वाळल्यावर दगडाचा पोत आपोआप उमटतो. चूक झाली तरी दिसत नाही आणि बारीक काम फारसे नाही. म्हणून नवशिक्यांनी येथून आरंभ करावा.

*दुसरी, बार्शी लाइट रेल्वे.* एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही अरुंद रुळांची गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावू लागली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. वारीला या गाडीने गेलेली माणसे सोलापूर जिल्ह्यात अजून आहेत. नव्या शतकात हा मार्ग रुंद झाला आणि ती छोटी गाडी स्मरणात उरली. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होते. बाजारात ‘एन गेज’ नावाने मिळणारा तयार छोटा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणजे जगाच्या बाजारात दुसऱ्याच गाड्यांसाठी विकला जाणारा रूळ आपल्या बार्शीच्या गाडीला जवळजवळ अचूक बसतो. अर्थात चालती रेल्वे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. नुसते एक लहान स्थानक, एक डबा आणि चार वारकरी पुठ्ठ्यातून केले तरी पुरे.

*तिसरी, हातमाग.* भवानी पेठेतील, पूर्वभागातील घरांसाठी हीच प्रतिकृती खरी. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर, समोर ताण्याचे धागे, हातात धोटा हे दृश्य आजच्या नातवंडांनी पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले आणि केले, ते आपल्यातून एकेक करून जात आहेत. कोणता दांडा कोणत्या दोरीने कशाला बांधलेला असे, फणी किती वर येई, विणकराची बैठक खड्ड्याच्या काठापासून किती अंतरावर असे, याचे नकाशे घराघरांत नाहीत. ते त्या माणसांच्या हातापायांत आहेत.

माग कसा करावा?

पहिले काम मोजमापाचे, आणि ते दोघांनी मिळून करण्याचे. पद्मशाली घरांत नातू आजोबांना ‘ताता’ म्हणतो. तातांनी खाली बसण्याचा हट्ट करू नये, खुर्चीत बसावे. नातवाने वही आणि टेप घ्यावी. ‘धोटा फेकताना तुमचे हात किती लांब जायचे?’ असे विचारले की आजोबा दोन्ही हात पसरून दाखवतात. तेच अंतर टेपने मोजावे. ‘फणी इथवर यायची,’ असे म्हणून ते छातीशी हात नेतील, तेही मोजावे. ज्यांना आकडे आठवत नाहीत, त्यांच्या अंगाला मापे आठवतात. मोजलेला प्रत्येक फूट वहीत एक इंच म्हणून लिहावा.

साहित्य साधे आहे. उभ्या-आडव्या चौकटीसाठी आइस्क्रीमच्या काड्या किंवा बांबूच्या पट्ट्या. ताणा आणि कापड गुंडाळण्याच्या रुळांसाठी जुनी पेन्सिल किंवा बांबूची गोल काडी. फणीसाठी बारीक दातांच्या कंगव्याचा तुकडा. धोट्यासाठी दोन्ही टोके घासून निमुळती केलेली काडी. ताण्यासाठी शिवणाचा जाड दोरा. पायाने दाबायच्या पट्ट्यांसाठी आगपेटीच्या काड्या. तळासाठी मिठाईचे जाड खोके पालथे घालावे व त्यात चौकोनी छेद देऊन खड्डा करावा.

कापण्यापूर्वी सर्व भागांच्या आकृत्या कागदावर १:१२ प्रमाणात काढाव्यात आणि काड्या त्या आकृतीवरच ठेवून कापाव्यात. त्याने मोजण्यातील चूक टळते. मग भाग गोंद न लावता नुसते जुळवून पाहावेत. या एका सवयीने अर्धी निराशा वाचते. जोड काटकोनात राहावा म्हणून दोन खोक्यांच्या कोपऱ्यात धरून चिकटवावा. फेविकॉल घट्ट होईपर्यंत अर्धा-पाऊण तास हात लावू नये. ताणा शेवटी भरावा. पाच इंच रुंदीत खऱ्याइतके धागे बसवणे शक्य नाही. चाळीस-पन्नास धाग्यांत काम भागते. मग त्यातून रंगीत दोरा सुईने खाली-वर करीत दोन-तीन इंच कापड प्रत्यक्ष विणावे. हे करताना ज्या बोटांना शर्टाचे बटण लावणे जड जाते, तीही धाग्याशी कशी हळूहळू ओळख देऊ लागतात, ते घरातल्यांनी पाहावे.

तयार संच जोडण्याचे तंत्र

ज्यांना विमान, मोटार, जहाज असे तयार संच जोडावयाचे आहेत, त्यांनी पुढील क्रम पाळावा.

१. भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते पिळून तोडू नयेत. नखे कापल्यासारखे लहान पकडीने आधी थोडे दूर कापावे, मग उरलेला तुकडा भागाच्या कडेशी कापावा. राहिलेली खूण बारीक पॉलिश पेपरने घासावी.

२. सर्व भाग एकदम सुटे करू नयेत. सूचनापत्रातील ज्या पायरीवर आपण आहोत तेवढेच काढावेत. हरवण्याचे भय निम्मे होते.

३. प्लास्टिकचा खास गोंद भागांचा पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणून तो थोडाच लागतो. भाग जुळवून धरावेत आणि पातळ गोंदाचे ब्रशाने टोक फटीला लावावे, तो आपोआप आत ओढला जातो.

४. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच घ्यावेत. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा.

५. चिन्हे व आकडे पाण्याने सुटणाऱ्या कागदावर येतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून, ब्रशाने सरकवून जागेवर बसवावेत आणि कापडाने हलके टिपावेत.

६. जुनाट रूप हवे असल्यास अगदी पातळ काळपट रंग खोबणींत सोडावा. नंतर ब्रशावरचा रंग कापडावर जवळजवळ पुसून तो ब्रश उंचवट्यांवरून हलके फिरवावा. कडा उठून दिसतात.

खर्च किती?

पुढील किमती ढोबळ आहेत. परदेशी संचांचे दर आयातशुल्क, दुकान आणि काळ यांप्रमाणे बरेच बदलतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करूनच घ्यावे.

• छापील पुठ्ठ्याच्या प्रतिकृती : ५० ते ३०० रुपये
• लेझरने कापलेल्या लाकडी किंवा एमडीएफच्या जुळणीच्या प्रतिकृती : ३०० ते १,५०० रुपये
• पातळ धातूच्या पत्र्याच्या प्रतिकृती : ४०० ते १,५०० रुपये (कडा धारदार असतात व भाग फार बारीक असतात, ज्येष्ठांनी टाळलेल्या बऱ्या)
• १:७२ प्रमाणातील लहान विमान : ९०० ते २,५०० रुपये
• १:४८ किंवा १:३५ प्रमाणातील मोठे संच : २,५०० ते ७,००० रुपये
• चालती रेल्वे, रुळांसह : १०,००० रुपयांपासून पुढे

हातमागासारख्या घरगुती प्रतिकृतीसाठी लागणारी अवजारे अशी : कटर ८० रुपये, कापण्यासाठी रबरी पाट २०० रुपये, पोलादी पट्टी ३० रुपये, चिमटा ८० रुपये, फेविकॉल ५० रुपये, रंगांची पेटी १५० रुपये, तीन ब्रश १०० रुपये, पॉलिश पेपर ३० रुपये. एकूण सुमारे ७२० रुपये झाले. यातील बहुतेक वस्तू वर्षानुवर्षे पुरतात. भिंगाचा दिवा घ्यावयाचा झाल्यास ८०० ते २,००० रुपये वेगळे धरावेत. निवृत्तिवेतन तुटपुंजे असेल तर पहिल्या तीन महिन्यांत तयार संच घेऊच नये. छंद टिकतो की नाही, ते पुठ्ठ्यावर पाहावे.

आरोग्यास काय लाभ?

छंदांविषयी दोन अभ्यास येथे उल्लेखनीय आहेत. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील, ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ९३,२६३ व्यक्तींच्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना एखादा छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. त्यापूर्वी २०१५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षांवरील २५६ व्यक्तींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. चित्रकलेसारख्या कला, तसेच लाकूडकाम, कुंभारकाम यांसारखे हस्तव्यवसाय करणाऱ्यांत बौद्धिक क्षमतेचा सौम्य ऱ्हास होण्याचे प्रमाण कमी दिसले.

यावरून ‘प्रतिकृती बनवा आणि विस्मरण टाळा’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे. हे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करीत नाहीत. ज्यांची प्रकृती मुळात बरी, तेच छंद करू शकतात, हेही शक्य आहे. म्हणून रक्तदाबाची गोळी, मधुमेहाचे पथ्य आणि सकाळचे चालणे यांच्या जागी हा छंद ठेवू नये. तो त्यांच्या जोडीला असावा. त्यातून मिळते ते असे : बोटांच्या सूक्ष्म हालचाली चालू राहतात, डोळे आणि हात यांचा मेळ राहतो, क्रम लक्षात ठेवावा लागतो आणि उद्या सकाळी उठून पुढे काय करायचे, याचे उत्तर मनाशी तयार असते. एकाकी माणसाला या शेवटच्या गोष्टीची गरज सर्वांत जास्त असते.

बैठक, प्रकाश आणि हात

टेबल कोपराच्या उंचीचे असावे, खुर्चीला पाठ असावी आणि पाय जमिनीला टेकावेत. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फूट दूर पाहावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातच फेरी मारावी. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास सूज येते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याच्या घरात, दुपारी हे काम करू नये. घामाने पकड सुटते, गोंद भराभर सुकतो आणि पंखा लावला की सुटे भाग उडतात. सकाळी सहा ते नऊ ही वेळ उत्तम.

संधिवात असल्यास ब्रशाच्या किंवा कटरच्या दांड्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. पकडीला जोर कमी लागतो. हात कापत असल्यास दोन्ही मनगटे टेबलावर किंवा लहान लोडावर टेकवून काम करावे आणि मोठे प्रमाण निवडावे. पक्षाघाताने एक हात दुबळा झाला असल्यास प्रतिकृती ओल्या मातीच्या गोळ्यात किंवा चिमट्यात पक्की बसवावी. चांगला हात काम करील, दुबळ्या हाताला नुसते धरून ठेवण्याचे काम द्यावे. कोणती हालचाल किती करावी, हे आपल्या फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवावे.

*काही धोके स्पष्टच सांगावयास हवेत.* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी कटर स्वतः वापरू नये, कापण्याचे काम घरातील दुसऱ्याने करावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असल्यास काम संपल्यावर बोटे प्रकाशात नीट तपासावीत, कारण बारीक जखम कळतही नाही. दमा किंवा श्वसनविकार असणाऱ्यांनी विद्राव्य असलेले गोंद व फवाऱ्याचे रंग टाळावेत. इतरांनीही खिडकी उघडी ठेवूनच ते वापरावेत. एमडीएफ घासताना मुखपट्टी लावावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. तो डोळ्यात गेल्यास पाण्याने धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. प्रतिकृतीत दिवे लावण्यासाठी बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या येतात, त्या लहान मुले असलेल्या घरात आणूच नयेत. त्या गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

काळजीवाहकांसाठी

जागेची अडचण हे पहिले कारण पुढे येते, आणि ते खरे आहे. दीड खोलीच्या घरात टेबल कायमचे अडवून ठेवणे परवडत नाही. त्यासाठी कडा असलेला एक मोठा ट्रे किंवा झाकणाचे खोके घ्यावे. सारे काम त्यातच करावे आणि झाले की ते खाटेखाली सरकवावे. दुसऱ्या दिवशी काम जिथल्या तिथे सापडते. ‘तुमचा पसारा आवरा’ हे वाक्य घरात उच्चारावे लागत नाही, आणि त्या वाक्याने पुष्कळ छंद मोडलेले आहेत.

दुसरी गोष्ट, त्यांचे काम आपण पुरे करू नये. वाकडा चिकटलेला दांडा आपल्याला खुपतो, रात्री ते झोपल्यावर तो सरळ करण्याचा मोह होतो. तसे करू नये. सकाळी त्यांच्या लक्षात येते. काही बोलत नाहीत, पण ट्रे पुन्हा काढीत नाहीत. कौतुकही लहान मुलाचे करतो तसे नको. ‘छान हं आजोबा’ यापेक्षा ‘हा दोर इथेच का बांधायचा?’ हा प्रश्न त्यांना अधिक मान देतो.

तिसरी गोष्ट स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींविषयी. त्यांच्यासाठी धारदार अवजारे, गोंद, रंगाच्या बाटल्या आणि सहज गिळता येतील असे भाग दूर ठेवावेत. काड्या लांबीप्रमाणे लावणे, दोरे रंगाप्रमाणे वेगळे करणे, ब्रशाने एक भिंत रंगवणे अशी एकेक पायरीची कामे द्यावीत. ‘हे काय आहे, सांगा बघू?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हा धोटा आहे, तुम्ही चालवायचात’ असे आपणच सांगून धोटा त्यांच्या हातात द्यावा. नाव आठवले नाही तरी पकड आठवू शकते. दहा मिनिटांत कंटाळले तर तिथेच थांबावे. प्रतिकृती पुरी होणे हे येथे उद्दिष्ट नाही.

पूर्ण झाल्यावर

पूर्ण झालेल्या प्रतिकृतीस एक चिठ्ठी जोडावी. वस्तूचे नाव, प्रमाण, मूळ वस्तू कोठे होती, करणाऱ्याचे नाव आणि महिना-वर्ष तीवर लिहावे. शक्य झाल्यास आजोबा-आजींच्या आवाजात त्या वस्तूची माहिती मोबाइलवर नोंदवून ठेवावी. धूळ बसू नये म्हणून पारदर्शक खोके किंवा काचेचे कपाट पुरते. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याशेजारी, किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे येतात तेव्हा, ती प्रतिकृती बाहेर काढावी आणि ज्यांनी केली त्यांनाच तिच्याविषयी बोलू द्यावे. शेजारच्या घरातील दुसरे आजोबा ‘आमच्या मागाची फणी अशी नव्हती’ म्हणून वाद घालू लागले, तर त्यांनाही एक ट्रे द्यावा.

या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. खरेदी काहीच करू नये. एक वही, एक टेप आणि घरातील वडीलधारे माणूस यांच्यासह अर्धा तास बसावे. त्यांनी आयुष्यभर हाताळलेली एक वस्तू त्यांना निवडू द्यावी. माग, शिवणयंत्र, सायकल, विडीचे सूप किंवा गावाकडचे घर, जे असेल ते. तिची लांबी, रुंदी, उंची त्यांनी हाताने दाखवावी आणि आपण मोजून लिहावी, एक फूट म्हणजे एक इंच.